बॉटने ‘नाही’ म्हणावे, पण कुणामुळे तेही सांगावे

प्रति,
संपादक,
वाचकांची पत्रे

महोदय,

सोलापुरातल्या पाणीपुरवठ्याच्या, सोसायट्यांच्या, शिकवण्यांच्या आणि टॉवेल-गणवेश व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर हल्ली बॉट, म्हणजे ठरलेली आज्ञा (कमांड) दिली की आपोआप काम करणारे प्रोग्राम, दिसू लागले आहेत. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ‘आज कुठल्या भागाला’ हे विचारायला बॉट बरा पडतो आणि फालतू फॉरवर्ड पुसायला तर फारच बरा. तक्रार एकच ऐकू येते. कमांड दिली की बॉट कधी काम करतो, कधी गप्प बसतो, कधी लाल फुली दाखवून ‘काहीतरी चुकले’ म्हणतो. यातल्या पुष्कळ वेळा बॉट बिघडलेला नसतो. परवानगी कमी पडलेली असते आणि ती कुणाची, हे सांगण्याची सोय बॉट लिहिणाऱ्याने केलेली नसते. आम्ही टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवरचे बॉट लिहिण्याचे व सांभाळण्याचे काम करतो. शहरात बॉट लिहायला शिकणारे विद्यार्थी आणि ग्रुप चालवणारे लोक, दोघांनाही उपयोगी पडेल असे या एका बाबीवर लिहावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषय थोडक्यात उरकण्यासारखा नाही.

समजा, सोसायटीच्या ग्रुपवर सचिवांनी एकाला गप्प करण्यासाठी ‘म्यूट’ची कमांड दिली. बॉटने उत्तर दिले, ‘परवानगी नाही.’ सचिव स्वतः ॲडमिन आहेत, मग कसली परवानगी नाही? अध्यक्षांनी आपले हक्क काढले की काय, इथपर्यंत गोष्ट जाते. प्रत्यक्षात सचिवांचा हक्क शाबूत असतो. बॉटलाच ‘बॅन युजर्स’ हा हक्क दिलेला नसतो. किंवा दोघांचेही हक्क ठीक असतात, पण ज्याला गप्प करायचे तोच ॲडमिन असतो आणि टेलिग्राम ॲडमिनला म्यूट करू देत नाही. माग बंद पडला की विणकर आधी उभा धागा तुटला की आडवा हे पाहतो आणि तेवढाच सांधतो. बॉटच्या नकारातूनही एवढे तरी कळायला हवे.

म्हणून पहिली गोष्ट ही, की नकाराचे प्रकार कोडमध्येच वेगळे ठेवावेत. कमांड देणाऱ्याला हक्क नाही, हा एक. बॉटला हक्क नाही, हा दुसरा. ज्याच्यावर कारवाई करायची तो माणूस कारवाईच्या पलीकडचा आहे, हा तिसरा. सर्वांत जास्त विसरला जातो तो हाच. चौथा प्रकार खरे तर हक्काचा नाहीच, फक्त तसा दिसतो: मुदत उलटलेली असते किंवा समोरच्याने बॉटशी बोलणे कधी सुरूच केलेले नसते. थकबाकीची सूचना सभासदाला खासगीत पाठवायला गेलेला बॉट ४०३ (मनाई असल्याचा एरर-कोड) घेऊन परत येतो, तो याच कारणाने. टेलिग्रामवर बॉटला स्वतःहून कुणाशीही संभाषण सुरू करता येत नाही. त्या माणसाने एकदा ‘स्टार्ट’ दाबलेले असावे लागते आणि नंतर बॉटला ब्लॉक केलेले नसावे लागते. ग्रुप ॲडमिनने कितीही हक्क दिले तरी याला इलाज नाही. तेव्हा ‘ॲडमिनशी संपर्क साधा’ असे इथे लिहिणे म्हणजे लोकांना उगाच हेलपाटा घालायला लावणे.

आता तपासणीचा क्रम. टेलिग्रामवर ‘गेट चॅट मेंबर’ या विनंतीने एखाद्या सदस्याचा दर्जा विचारता येतो. उत्तरात क्रिएटर, ॲडमिनिस्ट्रेटर, मेंबर, रिस्ट्रिक्टेड, लेफ्ट, किक्ड यांपैकी एक येते. बॉट स्वतः ॲडमिन असेल तरच इतर सदस्यांबद्दलचे हे उत्तर मिळण्याची हमी टेलिग्राम देते. बॉट साधा सदस्य असताना माणसाची तपासणी फसू शकते; मग आळशी कोड त्या अपयशाचा अर्थ ‘हा माणूस ॲडमिन नाही’ असा लावतो आणि ग्रुपच्या मालकालाच नकार देतो. म्हणून आधी बॉटने स्वतःचा दर्जा विचारावा. नंतर कमांड देणाऱ्याचा पाहावा. मग त्या कामाला लागणारा नेमका हक्क बॉटकडे आहे का ते पाहावे आणि शेवटी ज्याच्यावर कारवाई करायची त्याचा दर्जा. एवढे करूनही प्रत्यक्ष कामाच्या वेळी एरर येऊ शकते, कारण तपासणी आणि काम यांच्यामध्ये कुणी तरी हक्क काढून घेतलेला असतो. तीही पकडून वरच्या चारांपैकी योग्य खान्यात टाकावी. आणि तपासणीची विनंतीच नेटवर्कमुळे फसली, तर कारवाई करू नये. पण उत्तर ‘तपासता आले नाही, थोड्या वेळाने पुन्हा द्या’ असे असावे, ‘परवानगी नाही’ असे नव्हे.

मालकाबाबत एक खोच आहे. ॲडमिनच्या उत्तरात प्रत्येक हक्क होय-नाही अशा रूपात वेगळा येतो. मालकाच्या, म्हणजे क्रिएटरच्या उत्तरात हे हक्क येतच नाहीत, कारण त्याला सगळेच असतात. ‘म्यूट करण्याचा हक्क होय आहे का’ एवढेच विचारणारा कोड मालकाच्या बाबतीत रिकामी जागा वाचतो आणि त्यालाच नकार देतो. आधी दर्जा क्रिएटर आहे का ते पाहा, असेल तर पुढे जाऊ द्या. नसेल तरच हक्क तपासा.

दुसरी खोच नाव लपवून लिहिणाऱ्या ॲडमिनची. टेलिग्रामवर ‘रिमेन अनॉनिमस’ चालू ठेवलेल्या ॲडमिनची कमांड त्याच्या स्वतःच्या क्रमांकावरून (खात्याच्या आयडीवरून, फोन नंबर नव्हे) येत नाही. सगळ्यांची १०८७९६८८२४ या एकाच ठरावीक क्रमांकावरून येते आणि पाठवणारा म्हणून खुद्द ग्रुप दिसतो. त्या क्रमांकाचा दर्जा विचारून काही हाती लागत नाही. पाठवणारा चॅट आणि ग्रुप यांचा क्रमांक एकच असेल तर कुणीतरी ॲडमिन आहे एवढे नक्की कळते. कोणता आणि त्याला कोणते हक्क, हे कळत नाही. वेळापत्रक दाखवण्यासारख्या हलक्या कमांडला तेवढे पुरे. बंदी घालण्यासारख्या कमांडला मात्र बॉटने एक बटण दाखवावे. बटण दाबणाऱ्याचा खरा क्रमांक बॉटला मिळतो. तो तपासून मगच पुढे जावे.

बटणांचा विषय निघालाच आहे. ग्रुपमधल्या बॉटच्या संदेशाखालचे बटण कमांड देणाऱ्यालाच नव्हे, ग्रुपमधल्या कुणालाही दाबता येते. कमांडला कुलूप आणि बटण उघडे, असे कितीतरी बॉट सापडतात. परवानगीची तपासणी बटण दाबल्यावर पुन्हा करायची, तीही दाबणाऱ्याची. बटणासोबत जो मजकूर गुपचूप जातो त्यात ‘हा ॲडमिन आहे’ अशी खूण ठेवून तिच्यावर विसंबू नये. या मजकुराला ६४ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, मात्रा आणि अनुस्वारही वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे. तिथे मराठी वाक्य कोंबू नका, छोटा सांकेतिक आकडा ठेवा. नकार मात्र मराठीत द्या: बटणाच्या उत्तरात २०० अक्षरांपर्यंतची सूचना फक्त दाबणाऱ्याच्याच पडद्यावर दाखवता येते, ती त्यासाठी अगदी योग्य जागा. हे उत्तर पाठवलेच नाही तर बटण काही काळ फिरत राहते आणि माणूस पुन्हा पुन्हा दाबत बसतो.

कमांडची यादी लपवली म्हणजे सुरक्षितता झाली, हाही एक गोड गैरसमज. टेलिग्रामवर ॲडमिनांना वेगळी यादी आणि बाकीच्यांना वेगळी यादी दाखवता येते, पण ती फक्त दाखवण्यापुरती. हाताने टाइप केली की कमांड बॉटपर्यंत पोचतेच. (टेलिग्रामवर कमांडचे नाव रोमन लिपीतच ठेवावे लागते, डिस्कॉर्ड देवनागरी नावही घेते. आमच्या मते मराठी ग्रुपांनी ती सोय वापरावी.) डिस्कॉर्डची रीत वेगळी आहे. तिथे स्लॅश कमांडला (‘/’ टाइप करून दिलेल्या कमांडला) कोणता हक्क लागतो हे नोंदवले की अडवण्याचे काम डिस्कॉर्डच करते. पण सर्व्हरचे (डिस्कॉर्डवरच्या ग्रुपचे) ॲडमिन सेटिंग्जमधल्या ‘इंटिग्रेशन्स’ विभागातून ती अट बदलू शकतात. म्हणून बंदी, संदेश पुसणे असल्या कमांडमध्ये बॉटने स्वतःची तपासणी ठेवलेली बरी.

डिस्कॉर्डवर एररचे दोन आकडे ओळखून ठेवावेत. ५०००१ म्हणजे बॉटला ती जागाच दिसत नाही. ५००१३ म्हणजे दिसते, पण काम करण्याचा हक्क नाही. दुसऱ्यात सगळ्यांना चक्रावून टाकणारा भाग रोलच्या (सदस्याला किंवा बॉटला दिलेल्या दर्जाच्या) उतरंडीचा. बॉटला बंदीचा हक्क दिलेला असतो, सेटिंग्जमध्ये हिरवी खूणही दिसते, तरी ५००१३ येते. कारण बॉटचा सर्वांत वरचा रोल त्या सदस्याच्या सर्वांत वरच्या रोलपेक्षा उंच नसतो. समान असला तरी चालत नाही, उंचच लागतो. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हक्क दिल्यानेही ही उतरंड मोडत नाही. उपाय एवढाच की सर्व्हर सेटिंग्जमध्ये रोल्सच्या यादीत बॉटचा रोल ओढून वर न्यायचा. सर्व्हरच्या मालकावर कुठलाच बॉट कारवाई करू शकत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर हक्क असलेल्या सदस्याला टाइमआउटही (ठरावीक काळ गप्प करणे) देता येत नाही. हे तिसऱ्या प्रकारातले नकार आहेत, संदेशही तसाच हवा: ‘या सदस्याचा रोल बॉटपेक्षा वरचा आहे.’

शिवाय सर्व्हरभर दिलेला हक्क एखाद्या चॅनेलपुरता (सर्व्हरमधल्या एका कक्षापुरता) काढून घेतलेला असू शकतो. त्यामुळे तपासणी सर्व्हरची नव्हे, त्या चॅनेलची करायची. स्लॅश कमांडसोबत डिस्कॉर्ड त्या जागेपुरते कमांड देणाऱ्याचे आणि बॉटचे हक्क हिशेब करून पाठवतेच, वेगळी विनंती करावी लागत नाही. हे हक्क मोठ्या आकड्याच्या रूपात, पण मजकूर म्हणून येतात. जावास्क्रिप्टमध्ये ते साध्या संख्येत बदलू नका, मोठ्या आकड्यांसाठीचा बिग-इंट हा प्रकार वापरा. टाइमआउट देण्याचा हक्क चाळिसाव्या बिटावर आहे. जावास्क्रिप्टची बिटवार क्रिया फक्त ३२ बिटांवर चालते, म्हणून साध्या संख्येवर केलेली तपासणी गुपचूप चुकीचे उत्तर देते.

वेळेचेही गणित आहे. स्लॅश कमांडला ३ सेकंदांत पहिले उत्तर लागते. ते गेले नाही तर १००६२ ही एरर येते आणि वापरणाऱ्याला ‘ॲप्लिकेशनने प्रतिसाद दिला नाही’ एवढेच दिसते. परवानगीची तपासणी डेटाबेसमधून होत असेल आणि तो झोपेतून उठायला वेळ घेत असेल (फुकटच्या होस्टिंगवर हे नेहमीचेच), तर आधी ‘थांबा’ असा प्रतिसाद नोंदवावा. मग १५ मिनिटे मिळतात. पण ‘थांबा’ म्हणतानाच उत्तर फक्त त्या माणसाला दिसणारे की सगळ्यांना, हे ठरून जाते. नंतर नकार खासगीत द्यायचा म्हटले तर उशीर झालेला असतो. बंदी-म्यूटच्या कमांडमध्ये आम्ही सुरुवातच खासगी ठेवावी असे म्हणू. काम झाले तर जाहीर नोंद वेगळ्या संदेशाने टाकता येते.

पायथनमध्ये डिस्कॉर्ड-डॉट-पीवाय ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडे अधिक. त्यात ‘मिसिंग परमिशन्स’ म्हणजे माणसाचा हक्क कमी आणि ‘बॉट मिसिंग परमिशन्स’ म्हणजे बॉटचा कमी, असे दोन वेगळे अपवाद (कोडमधले एररचे प्रकार) तयारच आहेत. दोन्ही ‘चेक फेल्युअर’ या मोठ्या वर्गातले. एरर पकडताना मोठा वर्ग आधी लिहिला की खालच्या दोन फांद्यांपर्यंत गाडी कधी पोचतच नाही आणि सगळ्यांना एकच गुळमुळीत उत्तर मिळते. विशिष्ट आधी, सामान्य नंतर. उतरंडीमुळे आलेला नकार मात्र या दोन्हींत बसत नाही. तो काम चालू असताना ‘फॉरबिडन’ म्हणून येतो आणि ‘कमांड इन्व्होक एरर’च्या वेष्टनात गुंडाळलेला असतो. वेष्टन सोडवून आतला मूळ अपवाद पाहावा लागतो.

बॉट एकदम मुका होण्याचे सर्वांत मोठे कारणही याच जागी आहे. एरर हाताळणारे ‘ऑन कमांड एरर’ हे फंक्शन आपण लिहिले नसते तेव्हा लायब्ररी निदान टर्मिनलवर तरी एरर छापते. आपण ते लिहिले, त्यात दोन-तीन ओळखीच्या एरर हाताळल्या आणि बाकीच्यांसाठी शेवटची फांदी ठेवली नाही, की उरलेल्या सगळ्या एरर नाहीशा होतात. ना ग्रुपवर काही, ना लॉगमध्ये (बॉटच्या नोंदवहीत). शेवटच्या फांदीत अनोळखी एरर संपूर्ण तपशिलासह लॉगमध्ये गेलीच पाहिजे. स्लॅश कमांडच्या बाबतीत आणखी एक पाहावे: आधी उत्तर दिलेले असेल तर एरर हाताळणारा कोड दुसऱ्यांदा ‘पहिले उत्तर’ देऊ लागतो, त्याचीच नवी एरर होते आणि मूळ कारण बाजूला पडते. उत्तर गेले आहे का ते तपासून, गेले असल्यास पुढचा संदेश म्हणून पाठवा.

मात्र लॉगमध्ये जाणारा तपशील ग्रुपवर कधीही टाकू नये. टेलिग्रामच्या विनंतीच्या पत्त्यातच बॉटचे टोकन (गुप्त किल्ली) असते. नेटवर्क तुटले की अनेक लायब्ररींच्या एररच्या मजकुरात तो पत्ता जसाच्या तसा येतो, आणि ‘एरर: अमुक’ असे म्हणून बॉट स्वतःची किल्ली शेकडो लोकांत वाटून टाकतो. असे झाले असेल तर संदेश पुसून भागत नाही. बॉटफादरकडे (टेलिग्रामवर बॉट नोंदवणाऱ्या अधिकृत बॉटकडे) जाऊन जुने टोकन रद्द करून नवे घ्यावे. लॉगमध्येसुद्धा टोकन झाकूनच लिहावे.

कोणती एरर पुन्हा प्रयत्न करण्यासारखी, हेही ठरवून ठेवावे. ४२९ म्हणजे वेग जास्त झाला; टेलिग्राम किती सेकंद थांबायचे ते सांगते, तेवढे थांबून पुन्हा पाठवावे. ४०१ म्हणजे टोकनच चालत नाही. बॉट थांबवून माणसाने पाहायचे. ४०३ आणि ‘पुरेसे हक्क नाहीत’ अशा अर्थाची ४०० कितीही वेळा पाठवली तरी उत्तर तेच येणार. डिस्कॉर्डवर तर १० मिनिटांत ४०१, ४०३ आणि ४२९ मिळून १०,००० झाल्या की त्या आयपी पत्त्यालाच काही काळ बंदी होते. पत्ता सामायिक होस्टिंगचा असेल तर आपल्या बॉटपायी शेजाऱ्यांचेही बॉट बंद.

मुदतीच्या नकारांबद्दल थोडेच. डिस्कॉर्डवर एका झटक्यात पुष्कळ संदेश पुसण्याची सोय १४ दिवसांपेक्षा जुन्या संदेशांना लागू नाही. टाइमआउट २८ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. टेलिग्रामवर ३० सेकंदांपेक्षा कमी किंवा ३६६ दिवसांपेक्षा जास्त मुदतीची बंदी कायमची धरली जाते. इथे तर एररही येत नाही, म्हणून आकडा आपणच तपासायचा. म्यूट करण्याची सोय फक्त सुपरग्रुपमध्ये (टेलिग्रामच्या मोठ्या ग्रुपच्या प्रकारात) आहे. साध्या ग्रुपचा सुपरग्रुप झाला की त्याचा क्रमांक बदलतो आणि जुन्या क्रमांकाखाली साठवलेले सगळे हक्क, भाषा, सेटिंग पोरके होतात. जुन्या क्रमांकावर पाठवलेल्या विनंतीच्या एररमध्ये नवा क्रमांक दिलेला असतो, तो वाचून डेटाबेसमध्ये बदल करावा.

आता नकाराची भाषा. आमच्या मते त्यात तीन गोष्टी हव्यात: कमी कुणाचे, कमी काय, आणि देणार कोण. ‘बॉटकडे «बॅन युजर्स» हा हक्क नाही. ग्रुपचे मालक किंवा ज्यांनी बॉटला ॲडमिन केले ते देऊ शकतील: ग्रुपचे नाव, पेन्सिल, ॲडमिनिस्ट्रेटर्स, बॉट.’ हक्काचे नाव ॲपच्या पडद्यावर जसे दिसते तसेच लिहावे. ‘प्रतिबंधाधिकार’ असले भाषांतर केले तर शोधणाऱ्याला ते सेटिंग कधी सापडणार नाही. ‘ॲडमिनला सांगा’ एवढेही पुरत नाही, कारण टेलिग्रामवर साधा ॲडमिन दुसऱ्याने नेमलेल्या ॲडमिनचे हक्क बदलू शकत नाही, आणि स्वतःकडे नसलेला हक्क देऊही शकत नाही. कमांड देणाऱ्याचाच हक्क कमी असेल तर वाक्य छोटे ठेवा: ‘ही कमांड फक्त ॲडमिनसाठी आहे.’ बॉटकडे काय आहे-नाही ते त्याला सांगण्याचे कारण नाही.

सोलापुरात मराठीसोबत तेलुगू, कन्नड, हिंदी-उर्दू बोलणारी घरे एकाच ग्रुपवर असतात. टेलिग्राम माणसाच्या ॲपची भाषा कळवते, पण फोन इंग्रजीत ठेवणारा माणूस इंग्रजीच वाचू इच्छितो असे नाही. भाषा ग्रुपपुरती एकदा ठरवून घ्यावी. कोडमध्ये नकाराला भाषानिरपेक्ष खूण ठेवावी आणि प्रत्येक खुणेची वाक्ये भाषावार वेगळ्या फाइलीत; म्हणजे वाक्य बदलले तरी लॉगमधला शोध तोच राहतो.

नकार किती वेळा द्यायचा, यालाही मर्यादा हवी. टेलिग्राम एका ग्रुपवर बॉटला मिनिटाला साधारण २० संदेश पाठवू देते. एखादा खोडकर मुलगा ‘बंदी’ची कमांड वीस वेळा देतो, बॉट वीस वेळा नकार देतो आणि पाणी सुटल्याची सूचना मागे अडकते. एका माणसाला मिनिटातून एकदाच नकार द्यावा, पुढचे प्रयत्न फक्त लॉगमध्ये. नकाराचा संदेश १५-२० सेकंदांनी बॉटनेच पुसला तर ग्रुप स्वच्छ राहतो. आणि ग्रुपवर दोन-तीन बॉट असतील तर दुसऱ्याच्या कमांडवर आपल्या बॉटने तोंड उघडू नये. ते गप्प बसणे योग्यच आहे.

ग्रुप चालवणाऱ्यांना एक विनंती. ‘सारखी एरर येते, एकदाचे सगळे हक्क देऊन टाका’ हा उपाय करू नका. टोकन फुटले तर ज्याच्या हाती लागेल त्याला तेच सगळे हक्क मिळतात. डिस्कॉर्डवर बॉट बोलावण्याच्या दुव्यात ‘परमिशन्स’पुढे ८ हा आकडा दिसला तर तो बॉट पूर्ण ॲडमिनिस्ट्रेटर हक्क मागतो आहे, २ म्हणजे फक्त काढून टाकणे, ४ म्हणजे बंदी, ८१९२ म्हणजे संदेश हाताळणे, आणि अनेक हक्क असतील तर यांची बेरीज. टेलिग्रामवरही दुव्यातच हवे तेवढे हक्क मागता येतात. ‘ॲड न्यू ॲडमिन्स’ हा हक्क वेळापत्रक सांगणाऱ्या बॉटला कशाला हवा, हे विचारून पाहा.

पाणी सोडण्याची वेळ भरणारा माणूस किंवा सोसायटीचा खजिनदार टेलिग्रामवर ॲडमिन असेलच असे नाही. अशांसाठी बॉटची स्वतःची यादी लागते. ती सदस्याच्या क्रमांकावर ठेवा. नावावर किंवा युजरनेमवर नको. युजरनेम सोडता येते आणि दुसरा कुणी ते घेऊ शकतो. टेलिग्रामचे क्रमांक ३२ बिटांत मावत नाहीत, म्हणून डेटाबेसमधला रकाना ६४ बिटांचा हवा. नाहीतर २१४७४८३६४७ च्या पुढचा क्रमांक साठवताना गडबड होते आणि नवीन खाते असलेल्या लोकांनाच नकार मिळतो. ‘पहिल्यांदा स्टार्ट दाबेल तो मालक’ अशी सोय तर मुळीच करू नये. मालकाचा क्रमांक बॉट चालू करण्याआधीच सेटिंगच्या फाइलीत लिहावा.

ॲडमिनांची यादी प्रत्येक कमांडला मागण्याची गरज नाही. पाच-दहा मिनिटे जवळ ठेवली तरी चालते. बंदीसारख्या कामाआधी मात्र ताजी विचारावी, नाहीतर नुकताच काढलेला ॲडमिन तेवढ्यात हात साफ करून घेतो. सदस्यांचा दर्जा बदलल्याची खबर टेलिग्राम आपणहून देत नाही. मागायच्या घटनांच्या यादीत ती स्पष्ट लिहावी लागते आणि बॉट ॲडमिन असावा लागतो. बॉटचा स्वतःचा दर्जा बदलल्याची खबर मात्र नेहमीच्या घटनांतच येते. ती आली की कोणता हक्क गेला ते लगेच लॉगमध्ये टाका. बॉटचा बोलण्याचाच हक्क गेला असेल तर ग्रुपवर सांगणे शक्य नसते, तेव्हा हीच नोंद उपयोगी पडते.

चाचणीसाठी वेगळा ग्रुप करून त्यात मालक, अर्धेच हक्क असलेला ॲडमिन, नाव लपवलेला ॲडमिन आणि साधा सदस्य अशी खाती ठेवावीत. प्रत्येकाकडून प्रत्येक कमांड देऊन पाहावी. मग बॉटचा एकेक हक्क काढत तेच पुन्हा करावे. कुठेही उत्तर आले नाही किंवा चुकीच्या माणसावर बोट दाखवले, तर ती कमांड ग्रुपवर सोडू नये. लॉगमध्ये वेळ, ग्रुपचा क्रमांक, सदस्याचा क्रमांक, कमांड, नकाराचा प्रकार आणि समोरून आलेला कोड व मजकूर एवढेच ठेवा. सदस्यांचे संदेश आणि फोन नंबर परवानगीचा दोष शोधायला लागत नाहीत, म्हणून ते साठवूही नयेत.

आपले,
चॅटबॉट लिहिणारे व सांभाळणारे काही वाचक,
सोलापूर